२१ वर्षांचा डार्टमूर पोनी लेकीसाठी घ्यावा का? ही तट्टं किती वयापर्यंत बसायला चालतात?

रानजाई | १४ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात डेव्हनमध्ये राहतो, डार्टमूरच्या अगदी कडेला. लेक ९ वर्षांची, वजन २९ किलो. दोन वर्षं दर शनिवारी घोड्यावर बसायला शिकतेय. आता शेजारच्या शेतावरच्या बाईंनी त्यांचा पोनी आम्हाला 'लोन'वर देऊ केलाय. (नवऱ्याची पहिली प्रतिक्रिया: "घराचं कर्ज पुरत नाही का, आता घोड्याचंही?" तर तसं नाही. मालकी त्यांचीच, सांभाळ आणि खर्च आपला, नको झाला की परत. इथे सर्रास चालतं.)

पोनीचं नाव बिस्किट. डार्टमूर जातीचा, काळपट तपकिरी, ११.३ हँड म्हणजे ४७ इंच उंच, खच्ची केलेला. बाईंची तिन्ही मुलं त्याच्यावरच शिकली. स्वभाव असा की लेक त्याच्या पोटाखालून गेली तरी तो गवत चघळत उभा.

अडचण एकच. त्याचं वय २१. आणि धाकटा मुलगा मोठा झाल्यापासून दोन वर्षं त्याच्यावर कुणी बसलेलं नाही, नुसता कुरणात चरतोय. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "म्हातारं घोडं आणि कोवळी पोर, काय मेळ आहे का?" मला हवीत तीन-चार वर्षं. मिळतील का? की आपण एका म्हाताऱ्या जीवावर अन्याय करतोय?

टवाळखोर | १४ सप्टेंबर, रात्री १०:०२

बिस्किट कितीही जुनं झालं तरी चहात बुडवलं की चालतं. बाकी जाणकार सांगतील.

अश्ववैद्य | १५ सप्टेंबर, सकाळी ७:१५

रानजाई ताई, मी घोड्यांचाच डॉक्टर. सध्या पुण्याजवळ असतो, पण आधी सहा वर्षं इंग्लंडात काम केलंय, त्यामुळे ही मंडळी ओळखीची आहेत.

तुमच्या लिहिण्यात मला २१ हा आकडा खुपला नाही. 'दोन वर्षं नुसता चरतोय' हे खुपलं.

डार्टमूर, एक्समूर, वेल्श, न्यू फॉरेस्ट, फेल, डेल्स, हायलँड, शेटलंड आणि आयर्लंडचा कॉनेमारा या सगळ्या जाती निकस गवतावर, वाऱ्यापावसात घडल्या. त्या उशिरा भरतात, म्हणून शहाणा माणूस चार वर्षांच्या आधी त्यांच्यावर बसत नाही. मोठ्या शर्यतीच्या घोड्यापेक्षा जगतातही जास्त. तिशी गाठणारी तट्टं मी पुष्कळ पाहिलीत. तिथल्या प्रदर्शनांत १५ च्या पुढच्या घोड्याला 'व्हेटरन' म्हणतात, पण त्या वर्गात विशीतली तट्टं माना ताठ करून दुडकी मारताना दिसतात. तेव्हा २१ व्या वर्षी ९ वर्षांच्या मुलीला पाठीवर घेणं यात नवल नाही.

त्यांचं बसणं थांबतं ते बहुतेक वेळा वयाने नाही, पायाने. आणि पाय जातात ते चरबीने. मुरमाड माळावर पोट भरायला बनलेलं जनावर गाईंसाठी पोसलेल्या हिरव्यागार कुरणात सोडलं की रक्तात इन्सुलिन चढतं. खुराची भिंत आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारे पापुद्रे सैल पडतात. हाड फिरतं किंवा खाली बसतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. एकदा झाला की पुन्हा होण्याची भीती कायमची.

म्हणून आधी बोटांनी बरगड्या चाचपा. तळहाताची मागची बाजू चाचपल्यावर हाडं कशी लागतात, तशा लागायला हव्यात. मऊ गादी लागली तर तो लठ्ठ. मानेवर आयाळीखाली कडक वळकटी आहे का तेही बघा. मग इथे लिहा.

साधाभोळा | १५ सप्टेंबर, दुपारी १:३०

माफ करा, पण मला हे पटत नाही. २१ म्हणजे माणसाची साठी ओलांडली. तीन मुलं शिकवली त्याने. आता चौथीला का? आपण आजोबांच्या पाठीवर पोतं देतो का? त्याला सुखाने चरू द्या.

कॉनेमारावाली | १५ सप्टेंबर, रात्री ११:५०

साधाभोळा, तुमची कळकळ समजते. मी आयर्लंडात, गॉलवेत राहते. याच विचाराने मी माझ्या घोडीला २२ व्या वर्षी 'निवृत्त' केलं. निरोगी होती. आठवड्यातून चार दिवस रपेट चालायची. एका दिवसात सगळं बंद केलं, मोठं पुण्य केल्यासारखं.

सहा महिन्यांत पाठीवरचं मांस गेलं, पोट सुटलं. सकाळी पागेतून बाहेर पडताना मागचे पाय काठीसारखे टाकायची. डॉक्टरांनी तपासलं तर मागच्या ढोपरांत जुना संधिवात निघाला. तो आधीही होता, चालण्याने झाकला जात होता. मग पुन्हा सुरुवात केली: पहिले तीन आठवडे नुसती दोरी धरून रस्त्यावर चालवायची, मग पाठीवर बसून चालायचं, दुडकी दोन महिन्यांनी. २७ पर्यंत ती माझ्या भाचीला घेऊन फिरली. थांबवलं तेही एकदम नाही. आधी उड्या बंद, मग चौखूर बंद, मग उतार बंद. शेवटी फक्त सपाट रस्ता.

ती सहा महिन्यांची 'सुट्टी' मला अजून खाते.

आणि आजोबांबद्दल: माझ्या आजोबांचं शेत बंद केलं त्या वर्षी ते खरे म्हातारे झाले.

माथेरानकर | १६ सप्टेंबर, सकाळी ६:०५

राम राम. आमचा तीन पिढ्यांचा घोड्याचा धंदा. वाचून हसू पण आलं, वाईट पण वाटलं.

तिकडचं तट्टू २१ ला ९ वर्षांची पोर घेतं. आमचं घोडं दस्तुरीपासून दिवसाला किती खेपा मारतं ते बघा, आणि पाठीवर कोण? नव्वद किलोचा पाहुणा, गळ्यात कॅमेरा, वर म्हणतो "जरा पळवा ना." सरकारचे १९६५ चे नियम आहेत, ओझ्याच्या जनावरांचे. त्यात तट्टावर जास्तीत जास्त ७० किलो लादायचं लिहिलंय. आता ते सामानाला, माणूस त्यात बसतो का हे वकिलालाच विचारा. पण घोड्याच्या पाठीला सामान आणि माणूस कुठं वेगळा कळतो?

माझ्या बापानं एकच नियम पाळला, १६-१७ झालं की मोठं माणूस बंद, फक्त पोरं. आमची चंद्री अशी २३ पर्यंत चालली. पावसाळ्यात खाली नेरळच्या अंगाला उतरवायचो, चार महिने आराम, पण रोज सकाळी फेरी मारायचीच. बांधून ठेवलेलं घोडं आखडतं. ते आयर्लंडवाल्या ताई सांगतात ते सोळा आणे खरं.

ताई, नालांचं काय? नाल मारलेत का बिनानालाचा आहे? आमच्याकडं आता जागोजाग ब्लॉक बसवलेत, नालावर घोडं घसरतं. लाल मातीत ही भीती नव्हती.

हिशेबनीस | १६ सप्टेंबर, सकाळी १०:२०

वजनाचा हिशेब मांडा की. घोड्याने आपल्या वजनाच्या २० टक्के न्यावं असं वाचलंय. समजा बिस्किट २४० किलो, म्हणजे ४८ किलो. मुलगी २९, खोगीर ५, हेल्मेट-बूट-कपडे २. बेरीज ३६. घासाघीसच नाही.

अश्ववैद्य | १६ सप्टेंबर, दुपारी २:१०

हिशेबनीस, २० टक्के हा तरण्या, तालमीतल्या घोड्याचा आकडा. विशीपुढे मी १५ धरतो. २४० च्या १५ टक्के म्हणजे बरोबर ३६. बसतंय, पण काठावर. आणि लठ्ठ तट्टाचं वजन काट्यावर जास्त येतं म्हणून त्याला जास्त ओझं चालतं असं नाही. चरबी ओझं उचलत नाही, ती स्वतःच ओझं आहे. टक्केवारी त्याच्या योग्य वजनावर काढायची.

रानजाई | २१ सप्टेंबर, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. बरगड्या चाचपल्या. लागल्या नाहीत. आमच्या सोफ्याची गादी याहून कडक आहे. वजन सांगणाऱ्या पट्टीने मोजलं तर अंदाजे २५८ किलो भरलं. बाई म्हणतात २३० चा असायला हवा. म्हणजे १५ टक्के काढले तर ३४.५, आणि आपण आताच ३६ वर.

मग डॉक्टरांकडून दोन टप्प्यांची तपासणी करून घेतली. पहिल्यांदाच पाहिली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी डोळे, अंधाऱ्या खोलीत नेऊन. डाव्यात मोतीबिंदूचा बारीक ठिपका, दिसायला अडचण नाही. मग हृदय. तिथे त्यांनी बराच वेळ लावला, माझ्याच पोटात गोळा. हलकी घरघर आहे, म्हाताऱ्या घोड्यांत सापडते, ठोके नियमित आहेत; दरवर्षी ऐकून घ्या म्हणाले. सगळ्यात शेवटी गुंगी देऊन, लोखंडी चौकट लावून तोंड उघडलं. मागून दुसऱ्या दाढेला धारदार काटा, गालाला घासणारा. तो तिथेच कानशीने घासला. बिस्किट गुंगीत, खालचा ओठ लोंबतोय, लेक त्याचं डोकं खांद्यावर धरून उभी.

पाय मात्र गुंगी द्यायच्या आधीच तपासले. प्रत्येक पाय वर उचलून सांधा मिनिटभर वाकवून धरायचा आणि सोडल्या सोडल्या दुडकीने पळवायचा. पुढचे दोन्ही स्वच्छ. मागच्या उजव्याने चार-पाच पावलं लंगडून टाकली, मग सरळ झाला. डॉक्टर म्हणाले, "या वयात मलाही असंच होतं."

रक्ताचा नमुनाही घेतलाय, कुशिंग नावाच्या आजारासाठी. माथेरानकर दादा, नाल नाहीत. बिनानालाचाच आहे, दर सहा आठवड्यांनी खूर तासून घेतात.

अश्ववैद्य | २२ सप्टेंबर, सकाळी ७:००

उत्तम केलंत. ती चार पावलं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी चारच असली तर ठीक, वीस झाली तर बोलू.

कुशिंगबद्दल इतरांसाठी थोडं. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी असते. म्हातारपणी तिच्यावरचा लगाम सुटतो आणि ती भलतीच संप्रेरकं ओतत राहते. १५ च्या पुढच्या घोड्यांत साधारण पाचातल्या एकाला हे असतं. उन्हाळ्यातही केस न गळणं, पाठीचं मांस झडणं, पाणी जास्त पिणं, आणि पुन्हा तोच लॅमिनायटिस. पेरगोलाइडची गोळी रोज द्यावी लागते, पण ती लागू पडली तर पुढे वर्षानुवर्षं बसता येतं. तुम्ही रक्त सप्टेंबरात काढलंय. या दिवसांत निरोगी घोड्यातही ते संप्रेरक चढतं, तेव्हा अहवालावर शरद ऋतूचीच मर्यादा धरली आहे ना, हे विचारा.

नांदेडचा_नाना | २२ सप्टेंबर, दुपारी ४:४५

वय २१ हे नक्की कशावरून? आमच्या माळेगावच्या जत्रेत दहा वर्षांच्या घोड्याचं तोंड उघडून व्यापारी सहा सांगतो, आणि घेणारा माना डोलावतो.

अश्ववैद्य | २२ सप्टेंबर, सायंकाळी ७:३०

नाना, पाचव्या वर्षी तोंड जुळतं, म्हणजे पक्के दात पूर्ण येतात. तिथपर्यंत दात खरं बोलतात. पुढे अंदाज. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर एक उभी खाच दहाव्या वर्षाच्या सुमाराला हिरडीपाशी दिसू लागते, पंधराला अर्ध्यावर येते, विसाला टोकापर्यंत, आणि तिशीला पुसून जाते, असा जुना आडाखा आहे. त्यात चार-पाच वर्षांची चूक सहज होते. इंग्लंडात प्रत्येक घोड्याला पासपोर्ट सक्तीचा आणि २०२० पासून मायक्रोचिपही, त्यामुळे नोंदणीकृत डार्टमूरचं वय कागदावर असतं. माळावर मोकाट फिरणारी 'हिल पोनी' वेगळी, त्यांना वंशावळ नसते.

वयापेक्षा दातांची दुसरी गोष्ट महत्त्वाची. घोड्याची दाढ जन्मभर हिरडीतून वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर येते आणि तेवढीच झिजते. साठा ठरलेला. तिशीच्या आसपास तो संपतो. मग गवत चावलं जात नाही, चघळून गोळा करून टाकतात. पागेत असे ओले बोळे सापडले की समजायचं, आता भिजवलेला चारा.

टवाळखोर | २२ सप्टेंबर, रात्री ९:१०

थोडी करमणूक: ओल्ड बिली नावाचा इंग्लिश घोडा १७६० ते १८२२, तब्बल ६२ वर्षं जगला. कालव्यावर होड्या ओढायचा. आणि शुगर पफ नावाचं शेटलंड-एक्समूर तट्टू २००७ साली ५६ व्या वर्षी गेलं. बिस्किट, शुगर पफ... खाऊच्या नावाची तट्टं चिवट असतात असा माझा शोध आहे.

कॉनेमारावाली | २२ सप्टेंबर, रात्री ९:५५

तुमचा शोध कुठे छापून येतोय ते कळवा. :) पण राणी एलिझाबेथ? २०२० मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी फेल पोनीवर बसलेला त्यांचा फोटो आला होता. त्यांची दुसरी फेल घोडी, एमा, विशी ओलांडलेली, अंत्ययात्रेच्या वेळी विंडसरला रस्त्याकडेला उभी होती. तेव्हा म्हातारं कोण, बसणारं की नेणारं?

रानजाई | २ ऑक्टोबर

अहवाल आला, कुशिंग नाही. लेखी करार केला. त्यात एक कलम बाईंनी स्वतः घातलं: तो बसायला चालेनासा झाला तर त्यांच्याकडेच परत जाईल, विकायचा नाही. सही करताना त्यांचे डोळे भरले होते.

रानजाई | ९ मे

सात महिन्यांनी लिहितेय आणि चांगलं लिहायला नाही. चूक माझीच.

हिवाळा छान गेला. आयर्लंडच्या ताईंनी सांगितलं तसंच केलं, आधी दोरी धरून, मग चालत, मग दुडकी. गवत पाण्यात भिजवून, साखर उतरवून द्यायचे. २३८ पर्यंत आला. बरगड्या लागू लागल्या. मार्चमध्ये पहिल्यांदा माळावर नेला तर गड्याने कान टवकारले आणि चढावर आपणहून चौखूर सुटला, लेक ओरडतेय, पण हसत.

मग एप्रिलमध्ये ऊन पडलं, गवत वर आलं, आणि आम्ही चार दिवस लंडनला गेलो. जाताना सोयीचं म्हणून त्याला मोठ्या कुरणात सोडलं. परत आलो तेव्हा तो पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभा. खूर हाताला गरम. खुराच्या वरच्या बाजूला नाडी बोटाखाली धाडधाड. मला या धाग्यातलं वाक्य न् वाक्य आठवलं.

डॉक्टर रात्रीच आले. क्ष-किरणात हाड फिरलेलं नाही. सहा आठवडे खोलवर भुशात बंद. लेक रोज शाळेतून आली की त्याच्या दाराशी बसून गृहपाठ करते.

माथेरानकर | ९ मे

ताई, जिवाला लावून घेऊ नका. वेळेवर बघितलंत. बरा झाला की मुसकं बांधा. मळणीला बैलाला बांधतो ना, तसं. घोड्याचं बारीक भोकाचं मिळत असेल तिकडं.

अश्ववैद्य | १० मे

माथेरानकरांना शंभर गुण. तिकडे 'ग्रेझिंग मझल' नावाने तेच विकतात. पण चोवीस तास नको, रात्री काढा. आणि कडक थंडी आणि लख्ख ऊन अशा सकाळी हिवाळ्यातही गवतात साखर साठते, तेव्हाही चरायला सोडू नका. वजन उतरलंय ते टिकवा, आणखी एका कारणाने: म्हाताऱ्या लठ्ठ तट्टांच्या पोटात चरबीची गाठ देठाला लोंबते आणि आतड्याला पीळ घालते. त्या पोटदुखीने गेलेली विशीपुढची तट्टं मी मोजायचं सोडून दिलंय. तुमचं हाड हललेलं नाही, म्हणजे या वर्षात पुन्हा बसता येईल. ऑगस्टच्या आधी मात्र नाही.

साधाभोळा | १० मे

मी पहिल्यांदा विरोध केला होता. आता वाटतं, नुसता चरत राहिला असता तर हे कधीच झालं असतं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. लवकर बरा होवो.

रानजाई | १८ ऑक्टोबर, दोन वर्षांनंतर

कुणीतरी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, बिस्किटचं काय झालं. आहे! २३ पूर्ण. त्या एप्रिलनंतर लॅमिनायटिस नाही. मुसक्यातून असा रागाने बघतो की वाटतं शिव्या देतोय. सांधा वाकवल्यावर लंगडतो ती पावलं चाराची सहा झालीत. उड्या मागच्या वर्षीच बंद केल्या. या जूनपर्यंत आठवड्यात चार दिवस रपेट होती, बहुतेक चालत, सुरुवातीची पंधरा मिनिटं तर चालतच. मग तो आपणहून दुडकी मागायचा.

थांबावं लागलं ते लेकीमुळे. ११ वर्षांची, ४१ किलो, रिकिबी सोडल्या तर पाय त्याच्या पोटाच्या खाली लोंबतात. जूनमध्ये ती स्वतःच म्हणाली, "आई, मी आता त्याला जड होते." त्या दिवसापासून बसली नाही, पण चालायला रोज नेते. तिच्यासाठी घोडेस्वारीच्या शाळेतला मोठा घोडा आहे आता.

आणि बिस्किटला नवी नोकरी लागलीय. बाईंची नात, ४ वर्षांची, १६ किलो. दोरी लेकीच्या हातात.

माथेरानकर | १९ ऑक्टोबर

वा! आमच्या चंद्रीची पण शेवटची गिऱ्हाइकं असलीच होती. एक विचारतो, लेक दोरी डावीकडनं धरते ना? आणि मनगटाला गुंडाळत नाही ना? घोडं दचकलं तर हात जातो.

रानजाई | १९ ऑक्टोबर

डावीकडूनच. गुंडाळत होती. आजपासून नाही.